हलता चेहरा

ओउलूत नोव्हेंबर सरला की सूर्य जेवायच्या वेळेला तोंड दाखवतो आणि चहाच्या आधी निघून जातो. फिनलंडच्या उत्तरेकडच्या या गावात प्रणिता लोहार व्हिडिओ कॉल सुधारण्याचं काम करायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे आजरा तालुक्यातल्या खेडगेवाडीत कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे वडील केरबा लोहार, घरातले आबा, विचारणाऱ्याला एका दमात सांगून मोकळे होत, "पोरगी फोनातली थोबाडं दुरुस्त करती." प्रणिताने हे वाक्य ऑफिसात भाषांतर करून सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

या कामाची सुरुवातही आबांपासूनच झाली होती. खेडगेवाडी डोंगराच्या एका कुशीत आणि टॉवर दुसऱ्या कुशीत. आवाज कसाबसा यायचा, चित्राची मात्र दैना. आबांचं अर्धं तोंड हलायचं, अर्धं चौकोनांत विरघळायचं. मग एकदम सगळं थांबायचं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागून आवाज यायचा, "दिसतोय का गं मी?" आबा म्हणजे बोलका माणूस. विळे-कोयत्यांना धार लावता लावता पंचक्रोशीतल्या बातम्या घरी येत आणि आबांच्या गडगडाटी हसण्यासकट परत जात. असा माणूस पडद्यावर मधेच थांबलेला प्रणिताला बघवत नसे. फोन ठेवल्यावरही तो थांबलेला चेहरा डोळ्यांसमोरून जात नसे. आई लहानपणीच गेली होती. आबाच आई होते आणि आबाच बाप.

जुन्या पद्धतीत फोन सगळं चित्रच पाठवायचा. चित्राचे बारीक चौकोन करायचे, त्यातले बदललेले चौकोन रवाना करायचे, असा तो कारभार. नेटवर्क बारीक झालं की चौकोन वाटेत अडकत. प्रणिताच्या गटाने वेगळाच प्रश्न विचारला. जो चेहरा आपल्याला पाठ आहे तो पुन्हा पुन्हा पाठवायचा कशाला? पहिल्या काही कॉलमध्ये फोन माणसाचा ठसा घेई. हाडांची ठेवण, कातडीचा रंग, सुरकुत्या, हसताना कुठला गाल आधी वर जातो ते सगळं. हा ठसा पलीकडच्या फोनात जाऊन बसे. त्यानंतर फक्त आकडे जात, भुवई इतकी वर, ओठाचा कोपरा इतका बाहेर. पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून ठशात जीव भरी आणि चेहरा लख्ख दिसे. दोन ओळींच्या मेसेजला जेवढं नेटवर्क लागतं तेवढ्यात काम भागे.

पण आकडेही कधी कधी पोचत नसत. मग तो लख्ख चेहरा लख्खपणे थांबे, आणि ते आणखीच वाईट दिसे. त्यावरचा उपाय खास प्रणिताचा. आकडे थांबले, किंवा काहीच बदलत नाही असं सांगायला लागले, की फोनने त्या माणसाच्या सवयींवरून अंदाज धरायचा. हा माणूस किती वेळाने पापणी हलवतो, श्वासाबरोबर छाती कशी वरखाली होते, मुलीचा आवाज ऐकला की कसा हसतो, कुठल्या सुराला मान डोलावतो. त्या अंदाजाने चेहरा चालू ठेवायचा, आणि खरे आकडे आले की गुपचूप सांधा जुळवायचा. या सोयीला तिने मराठीतच नाव दिलं, सलग. फिनिश जिभेला ते जमलं, म्हणून तेच टिकलं.

यारी नावाचा एक म्हातारा इंजिनिअर त्या गटात होता. शंका काढणं हा त्याचा छंद. नेटवर्क थांबलंय की माणूसच हलत नाहीये, हे फोनला कसं कळणार, असं त्याने बैठकीत विचारलं होतं. प्रणिताचं उत्तर तयार होतं. झोपलेला माणूस डोळे मिटतो, ते कॅमेऱ्याला कळतं. जागा माणूस इतका स्थिर कधी बसतच नाही, अगदी मख्ख माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा काही ना काही चाललेलं असतं. यारीने खांदे उडवले आणि विषय तिथंच संपला.

सुरुवातीला सलग दोन-तीन सेकंदच अंदाज धरायचं. पण खेडगेवाडीसारखी गावं जगात खोऱ्याने आहेत. तिथून तक्रारी आल्या की चेहरा मधेच पुन्हा थांबतो. कंपनीने मर्यादा वाढवली, मग काढूनच टाकली. कागदावर तपासणारी म्हणून प्रणिताचं नाव होतं, आणि ते आनंदाने घातलेलं होतं. कारण तिच्या फोनवर आता आबा होते तसे दिसत होते. गालावरचा ठिणगीचा जुना डाग, डावा गाल आधी वर नेणारं ते हसू, सगळं जागच्या जागी. ती सकाळी बस थांब्यावर उभी राहून त्यांच्याशी बोलायची आणि आजूबाजूचं बर्फ विसरून जायची.

चांगल्या गोष्टीचा तोटा असा की माणसाला ती पुरते. आधी ती दरवर्षी गावी जायची. आता रोजच भेट होत होती. एका मे महिन्यात तिच्या मुलाच्या शाळेचं निमित्त झालं, दिवाळीत कामाचं. आबाच म्हणायचे, "कशाला पैसं घालवतीस, दिसतीयास की रोज." तिलाही ते पटायला सोयीचं होतं.

मग आबांना कंपवात झाला. हे तिला तिच्या मोठ्या भावाने, रणजितने, सांगितलं. रणजित गावातच राहून आबांची भट्टी बंद करून वेल्डिंगचं दुकान चालवायचा, लोकांना गेट आणि ग्रिल करून द्यायचा. आबा त्याच्याकडेच. आंघोळ, औषध, जेवण सगळं तो आणि त्याची बायको सुवर्णा बघत. प्रणिताने लगेच कोल्हापूरच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, औषधांची सोय लावून दिली. हात थोडे थरथरतील, चालणं हळू होईल, असं डॉक्टर म्हणाले. पुढे काय काय होतं तेही त्यांनी सांगितलं असणार. पण तेव्हा तिचं लक्ष औषधांच्या नावांकडे होतं.

काही महिन्यांनी रणजितच्या बोलण्यात वेगळाच सूर यायला लागला. आबा आता हसत नाहीत, बोलत नाहीत, नुसते समोर बघत बसतात. नातवंडं अंगावर चढली तरी चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. काही चुकलं का आमचं, असं विचारलं तरी उत्तर नाही. प्रणिताला याचं नवल वाटलं. सकाळीच तर तिने आबांना स्वतःच्या मुलाची एक फजिती सांगितली होती आणि ते डोळे बारीक करून हसले होते. आवाज बारीक झाला होता, शब्द कमी झाले होते, 'हं' आणि 'बरं' यावरच भागत होतं, हे खरं. पण चेहरा तर प्रसन्न होता.

तिने भावाला समजावलं, मग थोडं सुनावलं. म्हाताऱ्या माणसाला वेळ द्यावा लागतो, दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात कोण हसेल, वहिनींनी घटकाभर जवळ बसायला काय हरकत आहे. रणजितने ऐकून घेतलं. महिन्याभराने त्याने तेच पुन्हा सांगितलं तेव्हा तिचा पारा चढला. तिने कॉल चालू असतानाचा आबांचा हसरा फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "माझ्याशी बोलताना असे असतात. तुमच्याकडेच का हसत नाहीत ते बघा."

त्यानंतर रणजित तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. आबांना फोन लावून द्यायचा, फोन भिंतीला टेकवायचा आणि बाजूला व्हायचा. प्रणिताला वाटलं, राग आलाय, येऊ दे, निदान सुधारतील तरी. परदेशातून घर चालवणाऱ्या माणसाला घरातलं सगळं कळतं असा एक भ्रम होतोच, आणि तिच्याजवळ तर रोजचा पुरावा होता.

आबा गेले ते दुपारी, जेवणानंतर, खाटेवर पडल्या पडल्या. रणजितचा फोन आला तेव्हा ओउलूत सकाळ होती आणि ती ऑफिसात कोट काढत होती. नुसता आवाजाचाच फोन होता. "आबा गेलं गं," एवढंच तो म्हणाला. लगेच निघालं तरी पोचायला दीड दिवस. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडतो, स्मशान ओढ्यापलीकडे. गावकरी म्हणत होते की उजेड आहे तोवर उरकावं. तिनेही हो म्हटलं. रणजित म्हणाला, उचलायच्या आधी व्हिडिओ लावतो, शेवटचं बघून घे. अलीकडे गावात हे रूढच झालं होतं. लेक-लेकरं लांब असली की तिरडी बांधून झाल्यावर कुणीतरी फोन धरायचा आणि पलीकडच्याने दर्शन घ्यायचं.

प्रणिता एका रिकाम्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसली. यारी तिच्यासाठी पाणी घेऊन आला आणि दाराशीच थांबला. कॉल लागला. अंगण, माणसांचे पाय, झेंडूचा हार, आणि मग फोन खाली वळला आणि आबांचा चेहरा आला. कपाळावर आणि अंगावर गुलाल, ओठांवर तुळशीचं पान. डोळे नीट मिटलेले नव्हते, पापण्यांमध्ये बारीक फट राहिली होती. तिच्या तोंडून "आबा" असा हुंदका बाहेर पडला.

आबांनी डोळे उघडले.

त्यांची पापणी लवली, पुन्हा लवली. छातीवरचा हार किंचित वर झाला आणि खाली आला. मग डावा गाल आधी वर गेला आणि ते तिच्याकडे बघून हसले.

"दादा, थांब," ती म्हणाली. "आबांनी डोळं उघडलं. आबा हायत. श्वास चाललाय त्यांचा."

फोनचा आवाज मोठा होता. अंगणात जे काही रडणं-बोलणं चाललं होतं ते झटक्यात बंद पडलं. रणजितने फोन सुवर्णाच्या हातात दिला आणि तो गुडघ्यांवर बसला. त्याने आबांच्या छातीला कान लावला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई गर्दीतच होत्या, त्यांनी नळी लावून पाहिली, मनगट पाहिलं, डोळ्यांत उजेड पाडला. कुणीतरी नाकाशी आरसा धरला. रणजित मात्र कान लावून तसाच राहिला. वडील गेल्यावर ते परत मिळतील अशी आशा त्याला एवढ्याशा वेळापुरती दिली गेली होती, आणि ती देणारी त्याची बहीण होती.

तो उठला तेव्हा त्याच्या कानाला गुलाल लागला होता. "थंड पडल्यात गं," तो म्हणाला. "केव्हाच थंड पडल्यात. तुला काय दिसतंय?"

तिला आबा दिसत होते, मजेत असलेले. ती रडली की ते हसत होते. पुन्हा "आबा" म्हणून पाहिलं, पुन्हा डावा गाल वर गेला, तितकाच, त्याच चालीने. हे हसू तिने शेकडो वेळा तपासलेलं होतं. मुलीचा आवाज, मग क्षणभर थांबणं, मग डावा गाल. ते तिच्याच हातचं होतं. अर्धवट मिटलेले डोळे, गुलाल, तुळशीचं पान यांमुळे फोनला चेहरा नीट मोजता येत नव्हता, आणि जे मोजता येत होतं ते अजिबात हलत नव्हतं. म्हणून फोनने त्याला शिकवलेलं काम केलं होतं.

तिला सगळं समजत होतं, तरीही समोर बाप श्वास घेत होता. शिकलेलं सगळं एका बाजूला आणि तो वरखाली होणारा हार एका बाजूला. वाचणाऱ्याला वाटेल की एवढी मोठी इंजिनिअर, तिने स्वतःला दोन वाक्यांत समजावलं असेल. तसं झालं नाही. ती खुर्चीची कड धरून बसली आणि तिला एकच वाटत होतं, की हे लोक माझ्या जिवंत बापाला जाळायला नेताहेत.

अंगणात कुजबूज सुरू झाली होती. एवढ्या लोकांदेखत पोरीनं डोळं उघडलं म्हणून सांगितलं, आता उचलायचं कसं, असं एक चुलता म्हणाला. दुसऱ्याने दुजोरा दिला. नर्सबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, पण आता विषय नाडीचा राहिला नव्हता. खांद्याला उभे राहिलेले चौघे मागे सरले होते.

रणजितने फोन पुन्हा हातात घेतला. "प्रणे, तू हो म्हटल्याबिगर कुणी हात लावत न्हाई. तूच सांग आता. तुला यातलं कळतंय."

तिने यारीकडे पाहिलं. त्याला मराठी येत नव्हती, पण काय झालंय ते त्याला कळलं होतं. त्याने पडद्याकडे बोट केलं, कोपऱ्यातल्या खुणेकडे, आणि मान खाली घातली. सलग बंद करायची सोय तिथंच होती. ती कुणी वापरत नसे.

ती बंद केली की ठसाही बंद होतो आणि मागे जुनीच पद्धत उरते. खेडगेवाडीच्या नेटवर्कवर चेहरा दिसणार नाही, चौकोन दिसतील. आबांचं शेवटचं दर्शन म्हणून तिला मातकट रंगाचे ठोकळे मिळतील. चालू ठेवलं तर आबा शेवटपर्यंत हसत राहतील, अगदी सरणावरही. तिने बोट त्या खुणेवर ठेवलं. आबांची पापणी लवली. तिने बोट दाबलं.

पडदा फुटला. तपकिरी चौकोन, त्यांच्यावर लाल, खाली झेंडूचे केशरी ठिपके. एक ओळ भरत होती, एक पुसली जात होती. नाक कुठलं आणि गाल कुठला ते ओळखू येत नव्हतं. पण हे ठोकळे खरे होते, खेडगेवाडीच्या अंगणातून आलेले होते, आणि त्यांच्यामागचा चेहरा हलत नव्हता.

"दादा, मला चुकून दिसलं," ती म्हणाली. "आबा गेल्यात. उचला त्यांना."

ती ते चौकोन बघत राहिली. खांदेकऱ्यांच्या हालचालीने ते गढूळ झाले आणि मग कॉल तुटला.

खरी गोष्ट तिच्या लक्षात आली ती विमानात. मेलेला चेहरा स्थिर असतो म्हणून फोनने हसू भरलं. मग कंपवाताने आखडलेला चेहरा? या आजारात चेहऱ्याचे स्नायू थिजतात, माणूस आतून रडो की हसो, वर काहीच उमटत नाही. पापणीसुद्धा क्वचित हलते. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, रणजितनेही त्याच्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. जागा माणूस इतका स्थिर कधी बसतच नाही, असं ती ठामपणे म्हणाली होती. तिचा बाप वर्षभर जागा होता आणि तसाच बसला होता. ती सांगत होती त्या गमती, त्यांवरचं ते डोळे बारीक करणं, निरोप घेतानाचं ते हसू, त्यातलं आबांचं किती आणि फोनचं किती हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. बहुतेक सगळंच फोनचं होतं. ती रोज सकाळी बर्फात उभी राहून स्वतःच्याच अंदाजाशी बोलत होती, आणि त्या अंदाजाच्या भरवशावर तिने भावाला नालायक ठरवलं होतं.

न सांगताही चाललं असतं, असा विचार तिच्या मनात आला आणि तो बराच वेळ ठाण मांडून बसला. रणजितला यातलं काही कधी कळलं नसतं. आबा आपल्याशी हसायचे, एवढी एक गोष्ट तिच्याजवळ उरली असती. सांगितलं तर तीही जाणार होती.

दिवसकार्य होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सुवर्णा तिला चहा द्यायची, जेवायला वाढायची, पण नजर द्यायची नाही. बाराव्याचं जेवण आटोपून पाहुणे पांगले तशी प्रणिता दुकानात गेली. रणजित एका अर्धवट राहिलेल्या गेटच्या सळया निवडत होता. तिने समोरचा पाट ओढला, बसली आणि सगळं सांगून टाकलं. ठसा, आकडे, सलग, थिजलेले स्नायू. कुठंही न अडखळता सांगितलं, कारण थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

"ते माझ्याकडं बघून हसत न्हवतं, दादा," ती शेवटी म्हणाली. "तो मी केलेला चेहरा होता. तू सांगत होतास तेच खरं होतं."

रणजितने हातातली सळई खाली ठेवली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. मग तो हळूहळू बोलायला लागला. उन्हाळ्यात तो लोखंड आणायला कोल्हापूरला गेला होता. तिथून त्याने घरी व्हिडिओ लावला, सुवर्णाने फोन आबांसमोर धरला. आणि आबा हसले. त्याच्याकडे बघून मान डोलावून हसले. तो बाजारातच एका ओट्यावर बसून रडला होता. घरी आल्यावर तो धावत आबांपुढे गेला, तर चेहरा दगडासारखा.

"तवा मला कळलं," तो म्हणाला. "म्हटलं, मी घरात नसलो की आबा खूश असत्यात. मग मी दुकानातच जेवायला लागलो. माझं तोंड त्यांना दिसाय नको म्हणून. शेवटचं सहा-सात महिनं मी त्यांच्याम्होरं बसलोच न्हाई, प्रणे. आंघोळ घालायची आणि निघायचं. तुझा तो फोटू आला तवा सुवर्णा म्हणाली, आपण काय तरी पाप केलंय."

प्रणिताने आतापर्यंत फक्त स्वतःचं नुकसान मोजलं होतं. आबांच्या शेवटच्या महिन्यांतला त्यांचा मुलगाही त्या फोनने काढून घेतला होता, हे तिला माहीतच नव्हतं. आणि आबांना काय वाटलं असेल? रोज समोर बसणारा मुलगा एकाएकी बसेनासा का झाला, हे विचारायला त्यांच्याजवळ ना आवाज होता ना चेहरा.

रणजित उठला, दारापर्यंत गेला, परत आला. आता तो आपल्याला घरातून जा म्हणेल असं तिला वाटलं. तसं म्हणाला असता तर ती गेलीही असती.

"मला का सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुझ्यावर नाराज न्हवतं ते. तुला ते कळायला पाहिजे."

तो पुन्हा खाली बसला. भट्टी बंद पडून वर्षं झाली होती, तरी त्या कोपऱ्यातल्या भिंती अजून काळ्या होत्या. तिकडे बघत तिने विचारलं, "दादा, आबा कसं दिसत होतं रे? खरं कसं दिसत होतं?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. गाल पडलेले होते, तोंड जरासं उघडं असायचं, म्हणजे झोपल्यासारखं, पण झोपल्यासारखंही नाही. त्याला शब्द सापडेनात. त्याने हातांनी काहीतरी दाखवलं, तेही सोडून दिलं. "तुझा फोन चालू असताना नजर मात्र फोनवरनं हटायची न्हाई," तो म्हणाला. "थांब."

त्याने तोंडावरून हात फिरवला आणि मांडी घालून तिच्यासमोर बसला. मग त्याने चेहरा सोडून दिला. गाल खाली आले, खालचा ओठ सैल पडला, तोंड किंचित उघडं राहिलं. कपाळावरची आठी गेली. पापण्या हलायच्या थांबल्या. नाक आबांचं होतं, कपाळ आबांचं होतं, चाळिशीनंतर जबडाही आबांचाच झाला होता. वर्षभर ज्या चेहऱ्याशी ती रोज बोलली होती तो प्रणिता आता पहिल्यांदा बघत होती. त्यावर आनंद नव्हता आणि रागही नव्हता. डोळे तेवढे सरळ तिच्याकडे लागलेले होते.

ती पाटावरून पुढे सरकली.

"आबा," ती म्हणाली, "मी आले."

चेहरा हलला नाही. रणजितच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते गालांवरून हनुवटीवर उतरलं, तरी त्याने पापणी लवू दिली नाही. तिचं बघून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.